गैरहजेरीचं कलम

वकील बोलायला उभा राहिला तेव्हाच आत्याला हसू आलं. रविवारी सकाळी अकरा वाजता, चष्म्यांच्या काचा घासायच्या कारखान्यात, घरातल्याच चार माणसांपुढे हा पोरगा कोट घालून उभा. चौघांतला एक त्याचा बाप, एक आई, एक थोरला काका आणि चौथी ती स्वतः. आजची सगळी खटपट तिलाच घराबाहेर काढण्यासाठी होती.

"माननीय लवाद महोदय," वकील म्हणाला.

"काका म्हण की रे," त्याची आई वहीतून मान वर न काढता म्हणाली. तिने सव्वीस वर्षं शाळेत पोरं शिकवली होती, त्यामुळे तिला घरात सगळेच बाई म्हणत, नवरासुद्धा.

"आई, ही सुनावणी आहे."

"बरं बाबा. चालू दे तुझी सुनावणी."

थोरल्यांनी हात वर करून दोघांना गप्प केलं. एकतीस वर्षं न्यायाधीश म्हणून काढल्यावर हात एवढाच वर करायचा, त्याहून जास्त नाही, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. थोरल्यांचे आणि आत्याचे बाबा गेले त्याला चार महिने झाले होते आणि थोरले सहा वर्षांनी घरी आले होते. अंत्यसंस्कारालाही ते येऊ शकले नव्हते. का, ते त्यांनी सविस्तर पत्राने कळवलं होतं.

वकिलाने लाल कापडाच्या पाठीची जाड वही उघडली. ही घराची घटना, देशाला असते तशी. बाबांच्या सख्ख्या भावाने एकदा धंदा वाऱ्यावर सोडून नऊ वर्षं तोंड दाखवलं नव्हतं, आणि दुकान चालायला लागल्यावर वाटा मागायला तो दारात उभा राहिला होता. ते प्रकरण कोर्टात अकरा वर्षं चाललं. त्यातून सुटल्यावर बाबांनी एका बैठकीत चौदा कलमं लिहून काढली आणि अठरा वर्षांच्या झालेल्या प्रत्येक पोराची त्याखाली सही घेतली. दुसऱ्या घरांत मुलांना सायकली मिळायच्या त्या वयात या घरात कलमं मिळायची.

"कलम नऊ," वकील वाचायला लागला. "जो भागीदार सलग तीन वार्षिक बैठकांना हजर राहणार नाही, त्याचा धंद्यातला वाटा आणि घरात राहण्याचा हक्क संपेल. तो उरलेल्या भागीदारांकडे जाईल. काका, यात संदिग्ध काही आहे?"

"नाही."

"आणि ही गेल्या तीन वर्षांची इतिवृत्तं. आईच्याच अक्षरात. तिन्हींत आत्याच्या नावापुढे लिहिलंय, गैरहजर."

"मी वर होते," आत्या म्हणाली. "बाबांजवळ. तुला माहीत नाही का? तू खालून हाक मारून विचारायचास, आत्या, चहा पाठवू का म्हणून."

"मला माहीत आहे. वहीला माहीत नाही."

"बाळ्या, तूच म्हणालास ना मला? ताई, तू बाबांजवळ बस, बैठकीचं काय एवढं, आम्ही उरकतो."

बाळ्या म्हणजे धाकटा भाऊ, वकिलाचा बाप. वय छप्पन्न. पुढचं दुकान तो सांभाळत असे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या नाकावर आत्याने केलेला चष्मा ठेवून "वा, काय शोभतोय!" म्हणत असे. कोपऱ्यावरची ही जागा एका साखळी दुकानवाल्यांना हवी होती, महिनाअखेर रिकामी करून. आत्याची सही असल्याशिवाय विक्री होत नव्हती आणि आत्या सही करत नव्हती. तेव्हा कुठे बाळ्याला घटना आठवली होती.

"म्हणालो असेन," बाळ्या म्हणाला. "माणूस हजार गोष्टी बोलतो."

बाईने पेनाचं टोपण लावलं. ती तीन इतिवृत्तं तिला तोंडपाठ होती. टेबलाच्या या टोकाला बाळ्या आणि त्या टोकाला लिहायला ती. अध्यक्ष बाळ्या. ठराव मांडणारा बाळ्या. अनुमोदन देणारा बाळ्या. खाली तिने लिहायचं, ठराव एकमताने मंजूर. पहिल्या वर्षी तिने 'गैरहजर' पुढे 'वडिलांच्या शुश्रूषेत' असं लिहिलं होतं. नवरा म्हणाला, वहीत भावना नकोत बाई, आणि तिने ते खोडून काढलं. सव्वीस वर्षं पोरांच्या चुका खोडल्या आणि एक बरोबर वाक्य लिहिलं तेही खोडलं, असं तिला त्या दिवसापासून वाटत होतं, पण तोंडात मिठाची गुळणी धरली होती ती धरलीच.

"हे कलम बाबांनी कुणासाठी लिहिलं, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे," ती आता म्हणाली. "काम टाकून पळणाऱ्यासाठी. वन्सं कुठे पळाल्या? जिन्याच्या सोळा पायऱ्या वर होत्या."

"हेतू लिहिलेला नाही, आई. शब्द लिहिलेले आहेत."

"तुला लाज कशी वाटत नाही रे?"

"हाच मुद्दा आहे." वकिलाचा चेहरा खुलला. कॉलेजात वादस्पर्धा जिंकायचा तेव्हा असाच खुलायचा. "मला लाज वाटते की नाही, मी चांगला की वाईट, हा प्रश्नच इथे नाही. युक्तिवाद बरोबर आहे की चूक, एवढंच बघायचं. दोन अधिक दोन चोराने केले तरी चारच होतात."

"चोर बेरीज करायला बसला तर आपण आधी आपला खिसा तपासावा," बाई म्हणाली.

आत्या खो खो हसली. थोरल्यांनी पुन्हा तेवढाच हात वर केला.

"मी तासाभरात लेखी निकाल देतो," ते म्हणाले. कलम बाराप्रमाणे घरातला वाद थोरल्या अपत्याने लेखी निकाल देऊन मिटवायचा आणि तो सगळ्यांनी मानायचा, असं ठरलेलं होतं. त्यावरही सगळ्यांच्या सह्या होत्या.

लिहायला जागा म्हणून थोरले आत्याच्या कामाच्या टेबलापाशीच बसले. आत्याने घासायचं चाक सुरू केलं. सोमवारी एका बसचालकाचा चष्मा द्यायचा होता. सुनावणी होती म्हणून त्याने बस अंदाजाने चालवावी असं थोडंच आहे?

थोरल्यांना चाकाच्या आवाजात विचार करायची सवय नव्हती. तरी त्यांना विचार करावा लागलाच, कारण सकाळी वकिलाने त्यांना उतरवून घेताना गाडीत एक वाक्य टाकलं होतं. "काका, तसं बघायला गेलं तर तुम्हीही सहा बैठका आला नाहीत. पण तुमच्या बाबतीत आम्ही कलम नऊ ताणणार नाही. तुमचा वाटा तुम्हाला पोचेल." किती अदबीने म्हणाला! एकतीस वर्षांत थोरल्यांनी एकाही माणसाकडून चहाचा कप घेतला नव्हता आणि आता सख्खा पुतण्या गाडीचं दार उघडून धरत त्यांच्या खिशात हे कोंबत होता. त्यांना राग आला होता. पण रागाने निकाल लिहिता येत नाही.

ते वकिलीच्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत, मी बोलत नसतो, कायदा बोलत असतो. न्यायाधीशाने स्वतःला खुर्चीच्या बाहेर ठेवून आत यावं. मुलं ते वाक्य वहीत उतरवून घेत. हा पुतण्याही त्यांतलाच. त्याने काकांचंच नाणं काकांच्या हातावर ठेवलं होतं आणि काकांना ते खोटं म्हणता येत नव्हतं.

"दादा," चाक न थांबवता आत्या म्हणाली, "मला वाटा नको. वाट्याचं मी काय करणार? मला वरची खोली हवी आणि हे चाक. एकोणसाठाव्या वर्षी मी दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊन काय म्हणू, मला ठेवून घ्या? माझ्या बोटांवरच्या रेघासुद्धा घासून गेल्यात, बघ."

तिने बोटं पुढे केली. खरंच, ती गुळगुळीत होती.

"युक्तिवादाला युक्तिवादानेच उत्तर द्यावं लागतं," थोरले म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"नाहीतर मग मनमानी होते. आज मी तुझ्या बाजूने मनमानी केली, तर उद्या दुसरा तुझ्याविरुद्ध करेल."

"आज नियमाने माझ्याविरुद्ध चाललंय ते बरं आहे म्हणायचं." तिने काच उजेडात धरली, पुसली आणि पुन्हा चाकाला लावली. "बाबा शेवटी शेवटी तुझं नाव घ्यायचे. मी सांगायचे, येतोय तो, गाडीत बसलाय. सहा महिने तू गाडीतच बसलेला होतास, दादा."

थोरल्यांनी कागद पुढे ओढला. त्यांच्या मनात त्याच क्षणी काहीतरी सुचलं होतं आणि ते भरभर लिहायला लागले होते. त्यांना भलताच आनंद झाला. वकिलाचा युक्तिवाद खोडायचा नाही. तो शेवटपर्यंत न्यायचा. इतका शेवटपर्यंत, की बाळ्याला आपल्याच मागणीची शरम वाटून त्याने आपल्याच तोंडाने ती मागे घ्यावी. मनमानी नाही, भावना नाही, वहीबाहेरचा एक शब्द नाही. बहीणही वाचेल आणि कायदाही वाचेल. आपण किती हुशार आहोत, हे सहा वर्षांनी घरच्यांना कळेल, असंही त्यांना वाटलं. ते त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

बरोबर तासाने सगळे पुन्हा टेबलाभोवती जमले. थोरल्यांनी चष्मा चढवला. तोही आत्यानेच केलेला, टपालाने पाठवलेला.

"कलम नऊ स्पष्ट आहे आणि ते सगळ्यांना सारखंच लागू आहे," त्यांनी वाचायला सुरुवात केली. "तेव्हा क्रमाने बघू. पहिला, प्रस्तुत लवाद. तो सलग सहा बैठकांना गैरहजर होता. त्याचा वाटा तीन वर्षांपूर्वीच संपला. त्याच्या बाबतीत हे कलम न ताणण्याची सवलत देऊ करण्यात आली होती, ती फेटाळण्यात येत आहे."

वकिलाची मान झटकन वर आली. बाळ्याने बायकोकडे पाहिलं. बाई लिहीत होती.

"दुसरे, खुद्द बाबा. तेही तिन्ही बैठकांना गैरहजर होते. ते अंथरुणाला खिळले होते, पण कलमात आजाराचा अपवाद नाही आणि हेतू लिहिलेला नाही. म्हणजे मरणाच्या दिवशी बाबा या धंद्याचे भागीदार नव्हते. वरच्या खोलीत राहण्याचा त्यांना हक्क नव्हता. नियमाप्रमाणे तुम्ही त्यांना पलंगासकट जिन्यावरून खाली उतरवून रस्त्यावर ठेवायला हवं होतं. ते तुम्ही केलं नाहीत, ही कर्तव्यात कसूर झाली."

"अरे देवा," बाई म्हणाली.

"तिसरी, आमची बहीण. तिचाही हक्क संपला. तेव्हा उरलेला एकमेव भागीदार धाकटा. धंदा, इमारत, यंत्रं, सगळं त्याचं. या युक्तिवादात कुठेही फट नाही."

थोरल्यांनी कागद खाली ठेवला, चष्मा काढला आणि धाकट्या भावाच्या डोळ्यांत बघत ते थांबले. लहानपणी बाळ्याने पाटी फोडली की ते असेच बघत आणि बाळ्या रडायला लागे.

वकिलाला सगळं कळलं. काकांचा डाव त्याला बापाच्या आधी कळला आणि क्षणभर त्याला भीतीही वाटली, कारण पलंगाचं ते वाक्य त्याला लागलं होतं. आजोबांच्या पलंगाखाली लपून तो लहानपणी आत्याला भेवडवायचा. त्याने बापाकडे पाहिलं. बाप खाली मान घालून बसला होता. आता हा रडणार आणि तीन महिन्यांची मेहनत पाण्यात जाणार, असं वकिलाला वाटलं.

बाळ्याने मान वर केली.

"म्हणजे दादा," तो म्हणाला, "तुझाही वाटा मला?"

"काय?"

"नाही, तू म्हणालास ना, तुझा तीन वर्षांपूर्वीच संपला. म्हणजे तोही माझ्याकडे आला."

थोरल्यांनी कागद पुन्हा उचलला. "अरे, तुला समजलं का मी काय वाचलं? तू बाबांना रस्त्यावर ठेवायला हवं होतंस, असं वाचलं मी."

"हो, पण ते काही आम्ही केलं नाही. तेवढं आमचं चुकलं, कबूल." बाळ्याने रुमालाने मान पुसली. "मला आधी वाटत होतं, ताईला बाहेर काढतोय, बरं नाही दिसत. झोप लागायची नाही, खोटं कशाला बोलू. पण एवढा मोठा न्यायाधीश विचार करून सांगतोय, तर मी कोण नाही म्हणणारा? मन हलकं झालं बघ. लेखी आहेच ना तुझ्याकडे?"

"लाज सोडलीस तू," बाई म्हणाली. तिने पेन टेबलावर आपटलं आणि वही नवऱ्याकडे ढकलून दिली. "तूच लिही. एकमताने मंजूर."

"मला काय बोलतेस? दादाने लिहिलंय!"

"मी ते हास्यास्पद व्हावं म्हणून लिहिलं!" थोरले ओरडले. कोर्टात ते कधी ओरडले नव्हते. "कुणालाही कळेल की हा निष्कर्ष हास्यास्पद आहे, म्हणून सुरुवातच चूक असली पाहिजे!"

"हास्यास्पद कुठे, काका?" वकील आता पूर्ण सावरला होता. पलंगाचं ते वाक्य कुठल्या कुठे गेलं होतं. "हे तुमचं मत झालं. कारणमीमांसा निर्दोष आहे. तुम्हीच शेवटी तसं लिहिलंय. आणि कलम बारामध्ये लवाद भागीदारच हवा असं नाही, थोरलं अपत्य हवं. ते तुम्ही आहातच. फक्त सही राहिलीय."

थोरल्यांना खाली बसावंसं वाटलं, पण ते बसलेलेच होते. त्यांनी आयुष्यभर माणसाला खुर्चीच्या बाहेर ठेवलं होतं. आणि आज त्यांचा अख्खा निकाल उभा होता तो बाळ्याच्या आतल्या माणसाच्या भरवशावर. तो माणूस घरी नव्हता. आता तो असायला हवा होता असा हट्ट त्यांनी कुठल्या तोंडाने धरायचा?

आत्या उठली. हाताला लागलेली घासायची पूड तिने एप्रनला पुसली आणि भावाच्या समोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"दादा, ते राहू दे बाजूला. एक वाक्य म्हण. कारण देऊ नकोस. नुसतं म्हण, ही माझी बहीण आहे, ही कुठेही जाणार नाही. बाळ्या ऐकेल. तो अजून घाबरतो तुला, बघ त्याच्याकडे."

बाळ्या खरोखरच भेदरला होता. रुमाल हातात गोळा करून तो थोरल्या भावाकडे बघत होता. बाई तर श्वास रोखून बसली होती. या खोलीत त्या वाक्याला कुणी आडवं येणार नव्हतं, हे पाचहीजणांना माहीत होतं.

थोरले उभे राहिले. वाक्य सोपं होतं, आठ शब्दांचं. पण ते म्हणायचं तर स्वतःच्या नावावर म्हणायला हवं होतं. सहा वर्षं त्या सोळा पायऱ्या न चढलेला माणूस ते म्हणणार, आणि मग बाळ्याने वर बघून एवढंच विचारलं असतं, तू कुठे होतास रे दादा? त्या प्रश्नाची त्यांना मरणाची भीती वाटली. बाळ्या तो विचारणारही नव्हता कदाचित. पण त्यांच्या कानात तो वाजला आणि त्यांचा हात आपोआप लाल वहीकडे गेला. ते पानं उलटायला लागले.

"कोणत्या कलमाखाली म्हणू?" त्यांनी विचारलं.

चेष्टा नव्हती ती. ते मनापासून विचारत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

आत्या आधी नुसती बघत राहिली. मग हसायला लागली. सकाळी वकिलाच्या कोटाला हसली तसं नाही. हे हसू थांबेचना, टेबलाची कड धरावी लागली तिला. बाई उठून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली आणि फिरवता फिरवता स्वतः रडायला लागली.

"सही कर, दादा," डोळे पुसत आत्या म्हणाली. "कर सही. उगाच शोधू नकोस, नाही सापडायचं. तो बसवाल्याचा चष्मा सोमवारी द्या म्हणजे झालं, डाव्या काचेला अजून पॉलिश राहिलंय."

वकिलाने पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. थोरल्यांनी ते घेतलं, तारीख घातली आणि सही केली.